आप्पांना दारातच थांबवलं तेव्हा

दौंडला जायच्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला नवी चप्पल घेऊन दिली. कवठे येमाईच्या स्टँडवर आम्ही दोघं एसटीची वाट बघत उभे होतो. माझे सगळे कपडे बाजाराच्या पिशवीत मावले होते. आईवडील एकापाठोपाठ गेलेले, आणि त्यांचा आजार माझ्याही रक्तात निघालेला. काकू स्टँडवर आली नाही. गोठ्याच्या दारातूनच बघत राहिली.

"तिथं शाळा हाय, दवाखाना हाय," आप्पा म्हणाले. "दिवाळीला न्यायला येतो."

दिवाळीला आप्पा आले, पण न्यायला नाही. माझ्यासारखाच आजार असलेल्या मुलांच्या त्या वसतिगृहाच्या ओट्यावर बसून त्यांनी करंज्या दिल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढची गाडी धरून गेले. त्यानंतर कधी आले, कधी नाही. आमच्या वाडवडिलांनी मेंढरांमागं मुलूख पालथा घातला, त्यामुळं घर सोडून निघणं आमच्यात नवीन नाही. पण ती माणसं बायकापोरांसकट जायची. मी एकटी गेले होते.

दौंडला माझ्याबरोबर वाढलेल्यांनो, तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला आपल्याला देण्यासारखं फारसं औषधच नव्हतं. आपल्याला सांभाळणाऱ्या वंदनाताई पाणी उकळून प्यायला लावायच्या, नखं बघायच्या, तोंडात साधा फोड आला तरी लपवू द्यायच्या नाहीत. माझ्या शेजारच्या कॉटवरची सारिका टीबीनं गेली. तिची गादी अंगणात उन्हात टाकली होती, आणि शाळेतून येताना आपण कुणीच तिकडं बघितलं नाही. पुढं सरकारी गोळ्या सुरू झाल्या. माझे गाल भरले. ताई म्हणायच्या, "मी जन्मभर तुझ्या मागं उभी राहणार नाही, बाळा. तुझी आई आता तूच."

अठरा पूर्ण झाल्यावर वसतिगृह सोडावं लागलं. कारेगावात पत्र्याची खोली मिळाली, कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. लाइन, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. बिहारकडच्या पोरांचं 'जल्दी करो दीदी'सुद्धा. खोलीत लातूरकडची मंगल होती. केस विंचरताना ती घरचं सगळं सांगायची, भावाचं लग्न, बहिणीचं बाळंतपण. मी तिला सांगितलं होतं की माझ्या गोळ्या थायरॉइडच्या आहेत. बाटलीवरचा कागद मी पाण्यात भिजवून काढून टाकायचे. शिफ्ट बदलली तरी गोळीची वेळ सांभाळायची, उघड्यावरचं खायचं नाही, ताप आला तर अंगावर काढायचा नाही. हे सगळं जमलं. मंगल खळखळून हसली की वाटायचं, हिला सांगून टाकावं. ते जमलं नाही.

एका रविवारी दुपारी आप्पा दारात उभे राहिले. इतके वाळलेले की आधी ओळखूच आले नाहीत. उंबऱ्यावर पाय ठेवतानाच त्यांना खोकल्याची उबळ आली. दोन महिने खोकला होता, संध्याकाळी ताप चढायचा, थुंकीत रक्त पडत होतं. काकूनं त्यांची बाज शेतातल्या खोपटात टाकली होती.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ का चार दिस?" त्यांनी विचारलं.

मला सारिकाची गादी दिसली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

"आप्पा, आत नका येऊ. हितं लिंबाखाली बसू."

"राग धरलास व्हय गं?"

"राग न्हाई. ही टीबी असंल. माझ्या अंगात एचआयव्ही हाय, तुमचा खोकला मला झेपायचा न्हाई. मला जगायचंय, आप्पा."

आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं. आप्पांनी उपरणं तोंडाला लावलं आणि मान खाली घातली. मी चहा करून आणला, वाऱ्याचा अंदाज घेऊन त्यांच्यापासून लांब बसले. त्यांना उद्या शिरूरच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं आणि परतीच्या गाडीत बसवलं. ज्यांनी मला दूर ठेवलं त्यांनाच मी दूर ठेवत होते. फरक एवढाच, की का ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. तरी गाडी गेल्यावर मी ढसाढसा रडले.

मंगलनं आतून सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही. आठवड्याभरात मावशीकडं जाते म्हणून सामान घेऊन गेली. पुढं कंपनीत दिसली की मान हलवायची, एवढंच.

आप्पांचं औषध सुरू झालं. बरं वाटताच ते गोळ्या सोडायला निघाले. मी त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांना बोलावून घ्यायचे. "गोळी घेतली का?" "घेतली गं बाई." "खोटं बोलू नका." मग पलीकडून हसू यायचं. कोर्स पुरा झाला, थुंकी साफ निघाली, आणि आप्पा मला न्यायला आले. खरंच न्यायला.

गावी अंगणात जेवणं झाली. माझी गोळीची वेळ झाली तशी काकू हळूच म्हणाली, "आत जाऊन घे गं, दारात माणसं हायती."

"हितंच घेऊ दे," आप्पा म्हणाले. "म्या बी हितंच घेतल्या."

मी घेतली. काकू आत गेली, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "ऱ्हा की दोन दिस." तिनं ते मनापासून म्हटलं, असं मला वाटतं. पण मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, राग नाही. आता मी अधूनमधून येते, आप्पांजवळ बसते. पण 'घरी जाते' असं म्हणते तेव्हा मला कारेगावची खोलीच म्हणायची असते. तिथं माझ्या आजाराचं नाव मी मोठ्यानं घेऊ शकते. ते ऐकायला तिथं कुणी नसतं, ही गोष्ट वेगळी.