पगार म्हना

माझं नाव पुकारलं नाही. निवेदक माईकवर म्हणाला, "यानंतर, पुढचे गरजू." मी इकडेतिकडे पाहिलं. रांगेत माझ्यापुढं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे मीच.

चढलो स्टेजवर. अमरावतीत बडनेरा रोडवरचं लॉन. भाऊंचा वाढदिवस. भाऊ म्हणजे आमचे मालक, आणि पुढारीही. खदान त्यांची, गिट्टीचं क्रेशर त्यांचं, टिपर त्यांचे. मी त्यातल्या एका टिपरवर ड्रायव्हर. वहिनीसाहेबांनी हातात पाकीट ठेवलं. मी सवयीनं दात दाखवले. फोटोवाला म्हणाला, "काका, हसू नका. हात जोडा. पाकीट दिसू द्या." पाकीट धरून हात जोडता येत नाहीत, करून पाहा कधी. शेवटी दोन तळव्यांच्या मधे पाकीट उभं धरलं. मग त्यानं फोटो काढला.

मॅनेजरनं सकाळीच फोन केला होता, "कपडे बदलू नका. खदानीतून तसेच या." आम्हाला वाटलं, बिचारा आमचा वेळ वाचवून राहिला. डोक्यापासून पायापर्यंत दगडाची भुकटी. आम्ही तसेच आलो. स्टेजवर आम्ही कसे दिसायला पाहिजे, हे त्याला ठाऊक होतं.

उतरल्यावर मागं वळून बॅनर वाचला. वाढदिवसानिमित्त गरजूंना मदत वाटप. टिपरच्या केबिनमध्ये बसून पाकीट फोडलं. आत माझा महिन्याचा पगार. उचल कापून. वर एक रुपया नाही. त्या महिन्यात पगार का लांबला होता, ते तेव्हा कळलं.

तुम्हाला वाटेल, राग आला असेल. नाही आला. गाडी भरलेली होती. टिपरचा डाला उचलून सगळी गिट्टी लॉनच्या दारात ओतावी, असंही मनात आलं नाही. उगाच शूर कशाला होऊ? बाजूच्या टिपरवर रऊफभाई होता, अकोल्याचा. खिडकीतून ओरडला, "काय विचार करून राहिला बे? पैसा आपलाच हाय ना? जाऊ दे ना."

मी जाऊ दिलं.

इतकी वर्षं तेच तर करत होतो. खदानीत गाडी पोकलेनखाली लावायची. वरून दगड पडला की आधी केबिन हादरते, मग दात. भरली की मूर्तिजापूरकडं रस्त्याचं काम होतं, तिथं ओतायची. पुन्हा खदान. उन्हाळ्यात टपाचा पत्रा तापतो आणि पंखा गरम हवाच तोंडावर फेकतो. टायर फुटलं, माझी चूक. माल जास्त भरायला मॅनेजर सांगणार, आरटीओनं धरलं की चूक माझी. हळूहळू काही वाटेनासं होतं. कंबर दुखते, तेवढं कळतं.

वलगावला घरी आलो. पोरगी अकरावीत, अमरावतीला कॉलेजला जाते. तिनं मोबाइल पुढं केला. भाऊंचं स्टेटस फिरत फिरत तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आलं होतं. मी, माझे हात, मधे पाकीट.

"बाबा, आपन गरजू आहो काय?"

"नाही."

"मंग काहून घेतलं?"

"पगार होता माहा."

कोपऱ्यातून माझी माय बोलली. मायला आता दिसत नाही. फोटोतलं तिला पोरीनंच सांगितलं होतं. "तुह्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून कोनाच्या दारी भाकर मांगाले गेला नाही. उपाशी निजला, पन गेला नाही. अन् तू स्टेजवर चढून मांगून राहिला?"

"मांगितलं नाही व माय. पगार होता."

"मंग तसं सांगाले तोंडात गिट्टी भरली होती काय?"

मी जेवलो. झोपलो. खरंच झोप लागली. सकाळी चूळ भरताना घशात काहीतरी अडकलं. भुकटी असेल म्हणून खाकरलो. भुकटी नव्हती. लाज होती. पाण्यानं गेली नाही.

काही महिने तसेच गेले. मग भाऊंच्या संपर्क कार्यालयाचं उद्घाटन निघालं. पगार पुन्हा लांबला. मॅनेजरचा पुन्हा फोन, "तसेच या." त्या दिवशी मी कामावरून आधी घरी आलो. आंघोळ केली. पोरीनं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. जाऊन रांगेत उभा राहिलो. पाळी आली, निवेदकाची हाक आली, आणि मी पायरीखालीच थांबलो.

मॅनेजर डोळे वटारत होता. लोक माना वर करून पाहू लागले. शेवटी भाऊ स्वतः माईक घेऊन स्टेजच्या कडेला आले, माईकवर हात दाबला आणि वाकले.

"काय झालं बे? वर ये."

"इथंच द्या भाऊ. पगार हाय म्हना अन् द्या."

"पैसे तेच हायेत ना? शब्दात काय ठेवलं?"

"शब्दात काई नसन, तं माईकवर पगार म्हना."

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तासतासभर भाषण ठोकणारा माणूस. तीन अक्षरं निघेनात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पगार म्हटलं की मी कामगार होतो. कामगार झालो की हजेरी लागते, सुटी लागते, हात तुटला तर भरपाई लागते. गरजूला यातलं काही लागत नाही. त्यानं हात जोडले की झालं. म्हणून त्यांना तो शब्द जड जात होता, आणि इतकी वर्षं मी तो फुकट सोडून दिला होता.

"मंग राहू दे तुहं पाकीट," भाऊ म्हणाले. माईकवरचा हात काढला आणि हसून म्हणाले, "पुढचे गरजू."

रऊफभाई माझ्या बाजूनं वर चढला. माझ्याकडं पाहिलं नाही. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्याही घरी चूल आहे. भाऊंवर मात्र राग आला. किती वर्षांनी आला. आणि मला ते बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं टिपरची किल्ली काढून घेतली. मी अडकलेल्या पगारासाठी कामगार कार्यालयात अर्ज टाकला. तिथल्या साहेबानं भाऊंना आणि मला समोरासमोर बोलावून सुनावणीची तारीख दिली. आता दुसऱ्याच्या पाण्याच्या टँकरवर रोजीनं जातो. रोज काम मिळतंच असं नाही. पोरीची फी भरायची राहिली आहे.

परवा रऊफभाई घरी आला. हातात पाकीट, चांगलं जाड.

"भाऊनं पाठवलं. अर्ज मांगं घे म्हने."

"काय म्हनून पाठवलं?"

तो चपलेकडं पाहत राहिला. "मदत म्हनून."

पोरगी दारात उभी होती. तिच्याकडं पाहायची मला भीती वाटली. पाहिलं. मी पाकीट न फोडता रऊफभाईच्या खिशात परत घातलं.

"भाऊले काय सांगू?"

म्हटलं, "सांग, तारखेवर येतो. तिथं साहेबासमोर पगार म्हना अन् द्या. तोवर तुमचा एक रुपया मले चालत नाही."