सोडू नका हं

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारचा माणूस मोबाईलची वायर एका कोनात दाबून बसला होता. बोट जरा हललं की चार्जिंग तुटायचं. पिन फुंकून झाली होती, चार्जर बदलून झाला होता.

"मुलगी गावाहून निघालीय. तिचा फोन लागला पाहिजे," तो म्हणाला. आत त्याची बायको अत्यवस्थ होती. जिवाच्या माणसासाठी करण्यासारखं काहीच उरलं नाही, की आपण असं हाताला लागेल ते धरून बसतो.

नर्सने त्याला आत बोलावलं. "जरा धरता का? सोडू नका हं," म्हणत त्याने वायर माझ्याकडे दिली.

थोड्या वेळाने आत त्याने हंबरडा फोडला. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'छकुली' असं नाव होतं. उचलायचा धीर झाला नाही. वायर मात्र मी सोडली नाही.