पिवळे पंजे

तळ्यातली जलपर्णी उपसणाऱ्या टोळीत सगळे तिला मावशी म्हणत. तोंडाची फटकळ. मुकादमालाही दोन शब्द सुनावायला मागेपुढे पाहायची नाही. पण या बाईला पाण्याची भयंकर भीती होती. पोहता येत नव्हतं, आणि ते कळलं तर काम जाईल म्हणून तिनं घरीदारी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

तिची सारी भिस्त बगळ्यावर. पांढराशुभ्र, काळी चोच, काड्यांसारखे काळे पाय, पंजे तेवढे पिवळे. मान आखडून हा महाराज तासन्‌तास उभा राहायचा, नाहीतर एक पाय चिखलात थरथरवून मासे उठवायचा. तो उभा असेल तिथं पाणी वीतभर, हा मावशीचा हिशेब. गाळ काढल्यावर राहिलेले खोल खड्डे तिनं त्याच्याच भरवशावर चुकवले होते.

त्या आठवड्यात सूनही कामाला यायला लागली. "बगळा बघायचा आणि खुशाल पाय टाकायचा," मावशीनं तिला ऐटीत सांगून टाकलं.

एका सकाळी सून बरीच पुढं गेली. समोर जलपर्णीत बगळा दिसला, तशी ती सरळ त्याच्या रोखानं निघाली. मावशीनं सहज तिकडं पाहिलं. बगळ्याचे पिवळे पंजे दिसत होते. चिखलात उभा असला की पंजे दिसत नाहीत. म्हणजे तो तरंगत्या पानांवर उभा होता, आणि खाली किती पाणी ते देव जाणे. मावशीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की सुनेला सांगायचं राहूनच गेलं.

"अगं थांब!" म्हणायला गेली तर तोंडातून आवाज फुटेना. बगळा उडाला. सून गळ्यापर्यंत आत गेली, मग नुसते हात दिसायला लागले.

पुढं आपण काय केलं ते मावशीला आजही धड आठवत नाही. जलपर्णी ओढायची लांब आकडी पुढं करून ती "धर गं, धर!" एवढंच ओरडत होती. दांड्याला हिसका बसला, तशी तिनं जिवाच्या आकांतानं ओढ घेतली.

सून खोकत, ठसकत तिच्या शेजारी उभी राहिली. "आई, अहो केवढ्या पाण्यात आलात तुम्ही!"

मावशीनं खाली पाहिलं. पाणी छातीला लागलं होतं. काठावर मुकादमासकट सगळी टोळी जमली होती.

"मला पोहता येत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि सुनेचा दंड धरून रडायला लागली. "मला बाहेर ने गं. मला फार भीती वाटते."