तेलाची चेन, मेणाची चेन

जव्हार संस्थानात मी देवी डॉक्टर होतो. डॉक्टर हे नुसतं म्हणायला. गावोगाव जाऊन पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, एवढंच माझं काम. पाड्यावरची माणसं मात्र मला डॉक्टर म्हणत आणि मी दिसलो की पोरं काखोटीला मारून रानात पळत.

सुरुवातीला मी हे काम पायी करत असे. मग दवाखान्यात दोन सायकली आल्या, एक मोठ्या डॉक्टरसाहेबांना आणि एक मला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही मोखाड्याच्या रस्त्यानं सायकल हाकायची नव्हती.

जव्हार पठारावर आहे. तिथून मोखाड्याकडे निघालं की वाट उतरते, चढते आणि पुन्हा उतरते. सगळा तांबडा मुरूम. माघ-फाल्गुनात त्यावर घोट्याएवढा फुफाटा साचतो, आणि टोचणीचा हंगाम नेमका तोच. चेनला तेल पाजलेलं असलं की हा फुफाटा तिच्यावर बसे आणि तासाभरात त्याचा काळा चिखल होई. तो कड्यांच्या सांध्यांत शिरला की चेन ताठ होई आणि चढावर, अगदी जोर लावल्या क्षणी, दातेरी चाकावरून उडे. पाय हवेत, गुडघा हँडलवर. चेन काढून साफ करावी तर तिच्या जोडाला मुगाएवढा नट होता आणि तो दर वेळी मातीत पडे, की मी गुडघे टेकून, वाकून तो शोधत बसे. कोणी लांबून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा गृहस्थ रस्त्यात नमाज पढतो आहे.

दवाखान्यातला शिपाई दर शनिवारी दोन्ही सायकलींना एरंडेल पाजत असे. डॉक्टरसाहेबांचा तसा हुकूमच होता. त्यांची सायकल बंगल्यापासून दवाखान्यापर्यंत जाई आणि परत येई. तिला काहीच होत नसे. मी तक्रार केली की ते म्हणत, "अहो, मग तुम्ही तेल कमी घालत असाल." मी कमी घालून पाहिलं, जास्त घालून पाहिलं, रोज घालून पाहिलं. चिखल तोच.

एकदा मोखाड्याच्या बाजूला, संस्थानची हद्द संपून इंग्रजी मुलूख लागायच्या अलीकडे, एका पाड्यापाशी माझी चेन अशीच अडली. मी सावलीला बसून करवंदीच्या काट्यानं एकेका कड्यातला चिखल कोरत होतो. समोरच्या झोपडीच्या ओट्यावर एक म्हातारा तारपा बनवत बसला होता. तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं लांब वाजंत्र. भोपळा आणि बांबूच्या नळ्या जिथं जुळतात तिथं तो मधमाशीचं मेण भरत होता. तोंडावर देवीचे जुने वण होते. बराच वेळ त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय घालतोस याला?" त्यानं विचारलं. तिकडे लहानमोठ्या सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो.

"तेल," मी म्हणालो.

"तेल नको घालू. तेल माती धरतं. मेण धरत नाय."

मी आधीच वैतागलेलो होतो. सायकल मिळाल्यापासून मला भेटेल तो सल्ला देत होता आणि हा तर सायकलवर कधी बसलाही नव्हता. तरी त्यानं मेणाचा लाडूएवढा गोळा पुढं केला तो मी घेतला, कारण नको म्हणायलाही अंगात जोर नव्हता.

घरी येऊन मी चेन घासलेटमध्ये धुतली, वाळवली आणि तो गोळा तिच्यावर खसाखसा घासला. दुसऱ्या दिवशी जामसरकडे निघालो. गावात पोहोचायच्या आतच सगळं मेण खपल्यांनी गळून गेलं आणि कोरडी चेन बैलगाडीसारखी कुरकुरायला लागली. पुढच्या आठवड्यात मी म्हाताऱ्याला मुद्दाम गाठून सांगितलं, "बाबा, तुमचं मेण राहत नाही."

"वरून फासलंस?"

"मग कुठून फासणार?"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "कढव. त्यात बुडव. आत जाऊ दे. आणि मोहाच्या बियांचं तेल घाल त्यात थोडं, म्हणजे तडकणार नाय."

मी मेण कढवायला घेतलं ते घरातल्या पितळी पातेल्यात, बायकोला न विचारता. चुलीवर मेण उतू गेलं, त्यानं भडका घेतला आणि माझी उजवी भुवई गेली. बायको पाणी घेऊन धावली. पाणी टाकू नको, असं मी ओरडेपर्यंत तिनंच शहाणपणानं वर परात पालथी घातली. आग विझल्यावर ती पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "यात आता दूध तापवायचं?"

"मी घासून देतो."

"तुम्ही चेनच घासा," ती म्हणाली. ते पातेलं पुढं चेनचंच झालं.

मग तिनंच सांगितलं की खाली पाण्याची परात ठेवा आणि तिच्यात पातेलं ठेवा, म्हणजे मेणाला थेट जाळ लागणार नाही. तसं केलं. वितळलेल्या मेणात चेन सोडली तेव्हा तिच्यातून बुडबुडे यायला लागले. ते थांबेपर्यंत ठेवली, चिमट्यानं काढली, खुंटीला टांगली आणि निवल्यावर फडक्यानं पुसली. पहिल्या दिवशी ती काठीसारखी ताठ होती. अर्धा कोस गेल्यावर सैल झाली आणि नंतर चढ आला तरी उडाली नाही. वरून धूळ बसे, पण फडका मारला की झटकली जाई. त्या आठवड्यात मी चार पाडे केले आणि एकदाही मातीत गुडघे टेकले नाहीत. शनिवारच्या एरंडेलापासून वाचवायला मी त्या दिवशी सायकल घरीच ठेवू लागलो. मधाच्या वासानं मधमाशा मागं लागत, तेवढा एक ताप होता.

चांगलं चाललेलं इतकं साधं असतं की ते कोणाला दिसत नाही. डॉक्टरसाहेबांना दिसली ती माझी चेन पिवळसर आणि मळकट. दवाखाना तपासायला बाहेरून कोणी मोठे अधिकारी यायचे होते. मी घरी आणि सायकल दवाखान्यात असताना त्यांनी शिपायाला सांगितलं की दोन्ही सायकली लख्ख करून ठेव. शिपायानं माझी चेन काढून घासलेटमध्ये रात्रभर भिजत घातली, मेणाचा शेवटचा कणही खरवडला आणि तिला एरंडेलानं न्हाऊ घातलं.

सकाळी मी पाहिलं तर चेनमधून तेल ठिबकत होतं.

"हे कोणी केलं?"

"साहेबांचा हुकूम," शिपाई म्हणाला. त्यानं खरंच मेहनत घेतली होती आणि मी खूश होईन असं त्याला वाटत होतं. त्याच्यावर ओरडताही येईना.

नेमकी त्याच दिवशी लस आली होती. लस केसासारख्या काचेच्या नळ्यांतून येई. गारव्यात असली तर जिवंत, उन्हात तापली की मेली, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच. तारपावाल्या म्हाताऱ्याच्या पाड्यावर त्या दिवशी लोक थांबणार होते. पलीकडच्या मुलुखात देवी उठल्याची बातमी होती आणि महिनाभर समजावल्यावर ते पहिल्यांदाच तयार झाले होते. मेण पुन्हा कढवायला वेळ नव्हता. मी नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, बांबूच्या नळकांड्यात घातल्या, ते हँडलला बांधलं आणि निघालो.

दोन कोसांवर चेन ताठ झाली. तिसऱ्या कोसात तीनदा उडाली. चौथ्यात मी ती काढून साफ करायला बसलो आणि नट हरवला. या वेळी तो सापडलाच नाही. बोल्टला तार गुंडाळून पाहिली, ती पहिल्याच चढावर तुटली. मग चेन गळ्यात घातली आणि सायकल ढकलत चालू लागलो. फडकं सारखं वाळत होतं. वाटेतल्या ओढ्यात पाण्याचं डबकंसुद्धा उरलं नव्हतं. मी सायकलला, शिपायाला, साहेबांना आणि शेवटी स्वतःलाही शिव्या घातल्या. सायकल तिथंच टाकून धावत सुटायला हवं होतं, हे मला पाड्यावर पोहोचल्यावर सुचलं. पण सायकल सरकारी, ती टाकून कसं जायचं?

उन्हं कलल्यावर पोहोचलो. माणसं सकाळपासून थांबली होती. कोणी कामावर गेलं नव्हतं. बायकांनी पोरांचे दंड धुऊन ठेवले होते. नळकांड्याला हात लावला तर ते गरम लागलं. त्या वेळी मी खरं सांगून परत फिरायला हवं होतं. पण ती सगळी रांग पाहून माझी छाती झाली नाही. थोडी तरी लस जगली असेल, असं स्वतःला समजावलं आणि सगळ्यांना टोचलं. पोरं रडली, आयांनी त्यांना गप्प केलं आणि मला नागलीची भाकरी खाऊ घातली.

परत येऊन मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लस उन्हानं मेली. तेलाचा काय संबंध?"

"साहेब, उन्हात मी चेनपायी राहिलो."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. ते वाचून त्यांनी बाजूला ठेवलं. पण आठव्या दिवशी टोचणी उठली की नाही हे तपासायला जायचं होतं, तेव्हा ते म्हणाले, "मीही येतो." बैलांच्या दमणीतून निघालो. ओल्या गोणपाटात नवी लस घेतली होती.

पाड्यावर एकेक दंड पाहिला. पाच-सहा दंडांवर फोड आला होता. बाकीचे कोरे. पुन्हा टोचावं लागेल असं मी सांगितलं, तेव्हा एका बाईनं मूल पाठीमागं घेतलं.

"एकदा टोचलंस," ती म्हणाली. "पोर दोन दिवस रडलं. आता म्हणतोस ते खोटं होतं."

"लस उन्हानं मेली होती. माझी चूक झाली."

"मग तेव्हा का नाय बोललास?"

डॉक्टरसाहेब पुढं होऊन शुद्ध पुस्तकी मराठीत लशीचं शास्त्र समजावू लागले. कोणाला काही कळलं नाही. दोघीतिघी उठून गेल्या.

तेव्हा तारपावाला म्हातारा आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं दंड पुढं केला.

मी हळूच म्हणालो, "बाबा, तुम्हाला देवी येऊन गेल्यात. तुम्हाला याची गरज नाही."

"मला ठाव हाय," तोही हळूच म्हणाला. "त्यांना बघू दे."

लस आधीच मोजकी होती. एका जिवंत पोराच्या वाटणीचा थेंब या म्हाताऱ्याच्या हातावर वाया घालवायचा, या विचारानं मी चिडलो. डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी टोचलं. म्हातारा मागं न वळता तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं एक बाई आली, मग दुसरी. उठून गेलेल्यांपैकी एक परत आली. जिनं मला प्रश्न विचारला होता, ती आली नाही. तिचं पोर मी पुढच्या हंगामात टोचलं, तेही तिच्या नवऱ्यानं आणलं म्हणून. दैवानं त्या वर्षी त्या पाड्यात देवी शिरल्या नाहीत. यात माझी काही कर्तबगारी नव्हती.

परतताना दमणीत डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "ते मेण कढवता कसं?"

मी सांगितलं. पाण्याची परात, मोहाचं तेल, बुडबुडे, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत आणि मीही ती अपेक्षा केली नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यात हुकूम लागला की यापुढं सायकलींच्या चेनला तेलाऐवजी मेण लावण्यात यावं. मला बरं वाटलं. शनिवारी दवाखान्यात गेलो तर शिपाई अंगणात बसला होता. त्याच्या हातात पेटलेली मेणबत्ती होती आणि तो माझ्या सायकलीच्या तेलकट चेनवर मेणाचे थेंब एकेक करून पाडत होता. डॉक्टरसाहेबांची सायकल त्याची करून झाली होती. तिच्या चेनवर तेल, धूळ आणि मेण यांची एक पांढुरकी खीर जमली होती.

"आधी तेल काढायचं असतं हो," मी म्हणालो.

"हुकमात तसं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. ते खरं होतं.

मी दोन्ही चेन काढल्या, घरी नेल्या आणि अख्खी दुपार घासलेटात हात बुडवून बसलो. बायकोनं तेच पातेलं आणून ठेवलं. नोकरी संपेपर्यंत दोन्ही सायकलींच्या चेन मीच करत राहिलो, दर पंधरा दिवसांनी. डॉक्टरसाहेबांची कधीच खराब होत नसे. तीही करावी लागे.