अकरा टॉवेल आणि हॉलंड

लातूर जिल्हा झाला आणि गावाला पहिलेपणाचं वेड लागलं. जिल्ह्याचे पहिले कलेक्टर आले, पहिले एस. पी. आले, पण ते सगळे बाहेरचे. आपल्या मातीतला पहिला कुणीतरी हवा होता आणि शोधता शोधता मी गावाच्या हाती लागलो. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

मी नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकत होतो. तिथं विद्यार्थ्यांना परदेशात पाठवायची एक योजना आली. तीन महिने हॉलंडला जाऊन पाण्याचं व्यवस्थापन शिकायचं. आमच्याकडे त्या वर्षी दुष्काळ. व्यवस्थापन करायला आधी पाणी लागतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या मुलाखतीत मी पास झालो, अजून एक बाकी होती. सुट्टीत लातूरला एस.टी.तून उतरता उतरता मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, एवढंच सांगितलं, "हॉलंडचं झालं." दुसऱ्या मुलाखतीचं सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, मी राहू दिलं.

अण्णा एका डाळ मिलसाठी तूर खरेदी करायचे. ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बोलले की गावभर झालंच. 'नव्या जिल्ह्यातून परदेशी जाणारा पहिला विद्यार्थी' म्हणून माझे सत्कार सुरू झाले. हाराला फुलं मिळत नव्हती, म्हणून टॉवेल, टोपी आणि नारळ. असे अकरा सत्कार मी घेतले. दर वेळी मान खाली घालून म्हणायचो, "हे माझं नाही, मराठवाड्याचं यश आहे." मराठवाड्यानं माझं काय वाकडं केलं होतं कोण जाणे!

अकराव्या सत्काराला अण्णा स्वतःच बोलायला उभे राहिले. माझी धाकटी बहीण त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नांदेडला शिकायचं होतं आणि पोरीला एकटी परगावी ठेवायला अण्णा काही केल्या तयार नव्हते. ते म्हणाले, "ह्यो इमानात बसला की पोरीलाबी नांदेडला शिकायला धाडतो. शब्द हाय माझा." टाळ्या पडल्या. बायकांच्या मागच्या रांगेतून बहिणीनं माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी उठून खरं सांगावं असं मला वाटलं. पण कुणीतरी तोंडात पेढा भरवला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या मुलाखतीत मला पाणी व्यवस्थापनाचा अनुभव विचारला. मी टँकरपुढे घागरींची रांग लावल्याचं सांगितलं. सगळे हसले. मला वाटलं, जमलं. निकालाचं पत्र घरच्या पत्त्यावर येणार होतं, म्हणजे आधी अण्णांच्या हाती पडणार होतं. पण ते आलं माझ्या हॉस्टेलवर. पाकिटावरचा लातूरचा पत्ता खोडून वर हॉस्टेलचा पत्ता लिहिलेला. पोस्टखात्याला मी मनोमन हात जोडले. आत एका ओळीत नकार होता.

माझं तोंड बघून भूगोलाच्या सरांनी मला दुष्काळी पाहणीच्या शिबिरात घातलं. नांदेड जिल्ह्यातच, लोह्याजवळच्या गावांत दोन महिने राहून विहिरी मोजायच्या. "हेही कॉलेजबाहेरचंच शिक्षण आहे," सर म्हणाले. मी घरी कार्ड टाकलं, 'निघालो.' कुठे, ते लिहिलं नाही. तेवढंच सत्य सांभाळलं.

महिनाभरानं मी लोह्याच्या बाजारात डोक्याला सत्काराचा टॉवेल गुंडाळून चहा पीत होतो. समोर अण्णा! त्या सालात तूर कुठं मिळते का बघत ते तिथवर आले होते. त्यांनी आधी टॉवेल बघितला, मग मला.

"परदेस लईच जवळ निघाला की रे," ते म्हणाले. "काय करून राहिला हितं?"

"विहिरी मोजून राहिलो."

मग मी सगळं सांगून टाकलं. अण्णांनी माझ्या चहाचे पैसे दिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पोरीला कालच नांदेडला हॉस्टेलात सोडून आलो," ते म्हणाले. "तुज्या जिवावर. आता ऐक. ज्यानं ज्यानं टॉवेल दिला त्याच्या घरी सोता जा, खरं सांग आन् टॉवेल परत दे. मग पोरगी शिकंल. लपून बसलास तर उद्याच तिला घरी आणतो. खोट्यावर माजी पोरगी शिकायची न्हाई."

लातूरला परतून अकरा घरं मी पायी केली. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "टॉवेल घेतो, पण मी केलेलं भाषण कसं परत घेऊ?" कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या कापड व्यापाऱ्यानं टॉवेल झटकून बघितला आणि म्हणाला, "वापरलेला माल आम्ही परत घेत न्हाई." नारळ तर आम्ही कधीच खाल्ले होते. घेतलेले सत्कार परत करणारा जिल्ह्यातला पहिला माणूस मात्र मीच, यात वाद नाही.

मग छाती काढून नांदेडला बहिणीला भेटायला गेलो. व्यापाऱ्यानं न घेतलेला टॉवेल धुऊन तिच्यासाठी नेला होता. सगळं सांगून वर म्हणालो, "तुझ्यासाठी अकरा दारांत मान खाली घातली, बघ." ती रडेल, निदान दादा म्हणून हात तरी धरेल, अशी माझी अपेक्षा.

ती शांतपणे टॉवेलाची घडी घालत राहिली. "पत्र घरी आलं तेव्हा दारात मीच होते, दादा," ती म्हणाली. "उघडून वाचलं आणि परत चिकटवलं. तीन दिवस वहीत दडवून ठेवलं. अण्णांना दाखवलं असतं तर तू तेव्हाच सुटला असतास. पण मी घरी तूर निवडत बसले असते. म्हणून तुझा पत्ता घातला."

मला राग आला, मग लाज वाटली. या सगळ्यात तिला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि पाकिटावरचं ते अक्षर मला ओळखू आलं नव्हतं. लहानपणी पाटीवर तिचा हात धरून ते मीच गिरवून घेतलं होतं.