महमूदसाहेबांच्या नावाचा ठोकळा

“बसप्पा, तो ठोकळा काढा आता फळीवरून. डोळ्यांत खुपतोय,” गणपतराव म्हणाले.

मी फडक्यानं भलतीच फळी पुसत राहिलो. ऐकू न आल्यासारखं करणं ही आमच्या धंद्यातली पहिली विद्या.

गणपतराव म्हणजे धाराशिवच्या वकील मंडळाचे अध्यक्ष. मी मंडळाचा लायब्रेरियन. कोर्टाच्या मागच्या अंगाला आमची लांबोडकी खोली. भिंतीला कपाटं, मधे मोठं टेबल, भोवती खुर्च्या. कपाटांत कायद्याची पुस्तकं आणि नजिरांचे खंड. नजीर म्हणजे वरच्या कोर्टानं आधी दिलेला निकाल. वकिलाला आजच्या खटल्यात जुना निकाल काढून दाखवावा लागतो, त्याशिवाय मुन्सफसाहेब जागचे हलत नाहीत. निजामाच्या राज्यात कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत, तेव्हा खंडही उर्दूत. मी जळकोटचा. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि शाळा झाली उर्दूत. त्या उर्दूवरच ही नोकरी मिळाली.

ठोकळ्याचं सांगतो. कुणी खंड घरी नेला की त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा उभा करायचा. त्यावर नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी डकवायची. फळीकडं नुसतं बघितलं तरी कोणता खंड कुणाकडं गेलाय ते कळतं. खंड आला की ठोकळा निघाला. हा ठोकळा मात्र कितीतरी महिने तिथंच उभा होता. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात नाव होतं, महमूदअली वकील.

महमूदसाहेब पोलीस ॲक्शननंतर बायकापोरांना घेऊन हैदराबादला मेहुण्याकडं गेले. त्या दिवसांत आमच्या भागात काय काय झालं ते मी उगाळत बसत नाही. आधी रझाकारांच्या धास्तीनं माझ्या घरचे सोलापूरच्या हद्दीत पळाले होते. मग महमूदसाहेबांवर घर सोडायची पाळी आली. दोन्ही वेळा ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं त्यांनाच गाठोडी बांधावी लागली. त्या गडबडीत खंड त्यांच्या सामानात गेला तो गेलाच.

माणूस कसा होता म्हणाल तर गप्पिष्ट, चिडका आणि मनाचा मोठा. रोज कोर्ट भरायच्या आधी यायचे, खिडकीजवळची खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, “क्यों बसप्पा मियाँ, आज कुणाला पाडायचं?” मग नजीर मोठ्यानं वाचायचे. एखादा शब्द मला अडला की थांबून समजावून सांगायचे. मला कायद्याचा क कळत नव्हता. जो काही कळला तो त्या आवाजात कळला. ते गेल्यावर खोलीत माणसं तेवढीच यायची, पण नजीर मोठ्यानं कुणी वाचेना. मला त्यांची लई आठवण यायची. लाजायचं काय त्यात?

आमच्या मंडळाचा एक नियम होता. ज्याच्याकडं लायब्ररीचं पुस्तक आहे त्याचं नाव दाराबाहेरच्या सभासदांच्या पाटीवरून काढायचं नाही. नाव काढलं तर पुस्तक मागायचं कुठल्या तोंडानं, असा त्यामागचा विचार. गाव सोडून गेलेल्या वकिलांची नावं पेंटरनं एकेक करून पुसली. महमूदसाहेबांचं राहिलं, ते केवळ या ठोकळ्यामुळं. नाव आहे तोवर माणूस परत येईल, पुन्हा वकिली मांडेल, असं मी मनाशी घट्ट धरून बसलो होतो. पुस्तक परत येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला लायब्रेरियन माझ्याशिवाय दुसरा नसेल.

पण पंचाईत अशी की खंड आमचा नव्हताच. हैदराबादच्या विद्यापीठात कायद्याची मोठी लायब्ररी. ती जिल्ह्याजिल्ह्याला पुस्तकांची पेटी धाडायची. आमच्याकडं नसलेले खंड, वकिलीच्या परीक्षेची पुस्तकं, नवे कायदे. पेटी मोटारीनं यायची, काही महिने राहायची, ती परत गेली की दुसरी यायची. परीक्षेला बसणारी खेड्यापाड्यांची पोरं त्या पेटीवर अवलंबून. उमरग्याहून, माकणीहून येऊन टेबलाशी बसायची. आता विद्यापीठानं कळवलं होतं की बाहेर राहिलेला खंड जमा झाल्याशिवाय पुढची पेटी निघणार नाही.

“तगादा पाठवला का?” गणपतरावांनी विचारलं. तगादा म्हणजे पुस्तक परत करा म्हणून धाडायचं कार्ड.

“पाठवतो की.”

“मागच्या महिन्यात हेच म्हणालात.”

“पत्ता सापडंना झालाय, साहेब.”

“पत्ता माझ्याकडं आहे.”

गणपतराव आणि महमूदसाहेब उभा जन्म एकमेकांविरुद्ध खटले लढले. कोर्टात असे भांडायचे की पक्षकारच घाबरायचे. आणि पत्ता यांच्या खिशात!

“बसा इथं. कार्ड घ्या. मी सांगतो ते लिहा,” ते म्हणाले. मी लिहिलं. खंड तिथंच, हैदराबादेत, विद्यापीठाच्या लायब्ररीत जमा करावा. पावती तेवढी इकडं धाडावी. समक्ष येण्याची गरज नाही.

“हे शेवटचं लिहायलाच पाहिजे का वो?”

“त्यांचे हाल वाचावेत म्हणून म्हणतोय, बसप्पा. या वयात मोटारीत हाडं खिळखिळी होतात.”

म्हणणं खरं होतं. कार्ड टपालात टाकलं.

त्यानंतर पावतीची वाट बघणं आलं. उन्हाळा होता, कोर्ट सकाळचं. एके दिवशी काम आटोपून वकील मंडळी आपापल्या घरी गेली होती. मी कपाटं लावत होतो. दारात कुणीतरी उभं राहून बाहेरची पाटी वाचत होतं. वळून बघतो तर महमूदसाहेब! शेरवानी अंगात ढिली झालेली, दाढी पार पांढरी. बगलेत खंड, स्वच्छ फडक्यात बांधलेला.

“साहेब! तुम्ही कशाला आलात? तिथंच विद्यापीठात द्यायचा होता की.”

“हौ. कार्डात लिहिलं होतंस तू.”

“मग?”

“मग काय? आलो.”

मी माठातलं पाणी आणून दिलं. ते आपल्या खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि खोलीभर नजर फिरवत राहिले. मी बोलत सुटलो. खुर्ची तशीच आहे, नाव तसंच आहे, लोक अजून विचारतात, तुम्ही परत या.

“कोर्टात आता मराठी येणार म्हणतात,” ते म्हणाले.

“येऊ द्या की. तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं हाय.”

“बाजारात चालतं रे ते. मुन्सफापुढं उभा राहिलो की तोंडातून उर्दूच निघते. आता या वयात जीभ कुठून बदलून आणू?” असं म्हणून त्यांनी फडकं सोडलं आणि खंड टेबलावर ठेवला. “हं, जमा कर.”

खंड जमा झाला की ठोकळा निघणार आणि पाटीवरचं नाव जाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, “आज जमा व्हायचा न्हाय.”

“कायकू?”

“अध्यक्षांची सही लागते.”

“कधीपासून?”

“नवा नियम झालाय.”

“दाखव नियम.”

वकिलापुढं थाप मारायची म्हणजे काय खायचं काम आहे? नेमके त्याच वेळी गणपतराव आत आले. त्यांना मोटार स्टँडवरून कुणीतरी बातमी दिली असावी, कारण धाप लागली होती. मी कसाबसा म्हणालो, “साहेब, पुस्तक जमा करायला तुमची सही लागते की न्हाय?”

गणपतरावांनी माझ्याकडं बघितलं, खंडाकडं बघितलं, मग महमूदसाहेबांकडं बघितलं.

“लागते,” ते म्हणाले. “आणि चष्मा घरी राहिलाय माझा. उद्या बघू.”

“चष्मा नाकावर आहे, गणपतराव,” महमूदसाहेब म्हणाले.

“हा लांबचा आहे.”

महमूदसाहेब खो खो हसले. “या अल्ला! या वयात खोटी साक्ष देताय!”

गणपतरावांना हसू आलं नाही. ते समोरच्या खुर्चीवर बसले. “तुम्ही गेल्यापासून खटले जिंकतोय मी. पण समोर भांडायला माणूसच नाही. घरी गेल्यावर जेवण गोड लागत नाही,” ते म्हणाले. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग चहा झाला. दोघं जुने खटले काढून भांडले, आवाज चढले, एकदा टेबलावर मूठही आपटली. मला वाटलं, जमलं आता. बोलता बोलता महमूदसाहेब उठले, फळीपाशी गेले, ठोकळा काढला आणि त्या जागी खंड सरकवला. ठोकळा माझ्या हातात दिला.

मी पुढचा खंड ओढून त्यांच्यापुढं धरला. “हा न्या. वाचू नका हवं तर. नुसता नावावर न्या.”

बाहेरगावी राहणाऱ्याला पुस्तक देणं नियमात बसत नव्हतं. अध्यक्ष समोर बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

महमूदसाहेबांनी खंड उघडला. उभ्या उभ्याच चार ओळी मोठ्यानं वाचल्या, अगदी पूर्वीच्या आवाजात. मग मिटून माझ्या हातात परत दिला.

“नेला तर परत द्यायला यावं लागंल, बसप्पा. आलो की पुन्हा जावं लागंल. हे गाव एकदा सोडलं, आज दुसऱ्यांदा सोडतोय. तिसऱ्यांदा जमायचं न्हाय मला.”

मी रडलो. गणपतरावही चष्मा पुसायला लागले.

आम्ही दोघं त्यांना मोटारीवर पोचवायला गेलो. मोटार तुळजापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत उन्हात उभे होतो. येताना गणपतराव एवढंच म्हणाले, “कार्डात आपण स्पष्ट लिहिलं होतं.” मी म्हणालो, “व्हय, लिहिलं होतं.”

खंड हैदराबादला रवाना केला. पुढची पेटी आली. माकणीचा एक मुलगा त्या पुस्तकांवर वकिलीची परीक्षा पास झाला आणि पेढे घेऊन आला. त्याच आठवड्यात पेंटर पाटीला शिडी लावून चढला, तेव्हा मी आत जाऊन कपाटं लावत बसलो.

पुढं मी स्वतः एका विद्यापीठाच्या कायद्याच्या लायब्ररीत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नव्या माणसाला कामाला लावताना मी त्याला एकच बजावायचो. मुदत टळली की लगेच तगादा पाठवा, मुलाहिजा ठेवू नका. उशीर केला की आपण पुस्तकाची वाट बघतोय का माणसाची, हेच कळेनासं होतं. पुस्तक बहुतेक वेळा परत येतं.