बिननावाची चौकट

रक्तपेढीत तिला सगळे ‘जपून’ म्हणत. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणारी बाई. तिला दुसरं काय म्हणणार? अशा बाईच्या गळ्यात भाऊंचा कॉम्प्युटर पडला. भाऊ म्हणजे पेढीचे जुने कारकून. रक्तदात्यांची यादी त्यांनी वीस वर्षं एकट्याने मांडली, वाढवली, आणि ती कशी चालते हे कुणालाही न सांगता महिन्याभरापूर्वी झोपेतच गेले.

प्रोग्रामिंगमधलं जपूनला ओ की ठो कळत नव्हतं. मूळ फाइलला हात लावायचा तिला धीर होईना, म्हणून तिने आधी नक्कल करून घेतली. नकलेत रोज एकच गोष्ट बदलायची, काय बिघडतं ते बघायचं, वहीत लिहायचं. असं करता करता तिला उमगलं, की माणसं एका तक्त्यात आहेत, फोन दुसऱ्यात, आणि दात्याचा क्रमांक दोघांना बांधून ठेवतो. प्रत्येक माणसापुढे खूण करायची एक चौकट होती. तिला मात्र भाऊंनी नावच दिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाळंतीण होती, रक्तगट अगदी दुर्मीळ, ऑपरेशन उद्या.

“दोनपर्यंत दाता मिळाला तरच तपासण्या उरकतील. रक्ताशिवाय मी तिला हात लावणार नाही.”

जपूनने त्या गटाची यादी काढली. चार नावं. पहिला परगावी, दुसऱ्याला ताप, तिसरीचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. चौथं नाव भाऊंचं. गेलेला माणूस यादीत येत असेल, तर असलेली माणसं गळालीही असतील!

घड्याळात साडेअकरा. तिने नकलेत यादीची मागची बाजू उघडली. त्या बिननावाच्या चौकटीखाली एकच अट होती: ‘नाही’. म्हणजे खूण असलेली माणसं यादीत येतच नव्हती. तिने अट पुसली. चाराची अकरा नावं झाली! सात माणसं दडवून ठेवायची म्हणजे काय, भाऊ? तिने मनातल्या मनात त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि पहिला नंबर फिरवला.

फोन दात्याच्या आईने घेतला.

“तो जाऊन तीन वर्षं झाली, बाई. भाऊंना ठाऊक आहे की. भेटायला आले होते.”

जपूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे ती खूण गेलेल्यांची होती; सातही जण गेलेले होते. ‘मृत’ हा शब्द लिहायला भाऊंचा हात धजला नसावा.

“चुकलं माझं, मावशी,” ती कशीबशी म्हणाली. “मी नवीन आहे. भाऊही गेले आता.”

“रक्त कुणाला हवं होतं?”

“एका बाळंतिणीला.”

“धाकट्याचाही तोच गट आहे. भाऊंनी कधी मागितलं नाही, आणि मीही आपणहून बोलले नाही. विचारते त्याला. तयार झाला तर लगेच पाठवते. पण झालं की मला फोन करा हं. मी फोनपाशीच बसते.”

पावणेदोनपर्यंत जपून दाराशी सतरा खेपा घालून आली. तेवढ्यात तो आला. सुईकडे बघायचं नाही, एवढीच त्याची अट होती. त्याचं रक्त घेऊन झाल्यावर जपूनने आधी त्याच्या आईला फोन केला, मग डॉक्टरीणबाईंना.

संध्याकाळी तिने पहिल्यांदाच मूळ फाइल उघडली. भाऊंच्या नावापुढच्या चौकटीत तिने खूण केली, तशी यादीत तीनच नावं राहिली. तिला रडू आलं. मग तिने नवी ओळ उघडून धाकट्याचं नाव घातलं. पुन्हा चार झाली.

चौकटीला नाव द्यायला म्हणून तिने तो शब्द टाइप केला, पुसला, पुन्हा केला, पुन्हा पुसला. शेवटी वहीतच लिहिलं: ‘इथे खूण असलेले आता नाहीत. घरी फोन करावा लागला, तर जपून.’